थडग्याची मागची बाजू

"मागनं वाट हाय ना?"

कुठेही बसण्याआधी मामांचा हा प्रश्न ठरलेला. मामा म्हणजे आमच्या छोट्याशा संग्रहालयाचे पहारेकरी. चिंचणीला माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी पंगतच अडवली. मांडवाच्या मागच्या दारात आचाऱ्याने वरणाचं पातेलं ठेवलं होतं. ते हलल्याशिवाय मामा पानावर बसेनात. आचारी भडकला, मामा ढिम्म! शेवटी नवरदेवाच्या काकांनीच पातेलं उचललं, आणि मामांनी निवांतपणे तीन जिलब्या जास्तच खाल्ल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण हसतो आणि विसरतो. मीही पोट धरून हसले होते.

मग एकदा त्यांनीच सांगितलं. तरुणपणी ते बोईसरच्या एका कारखान्यात होते. आग लागली. मामा पुढच्या दाराने कसेबसे निघाले, त्यांच्या गावचा जोडीदार मागे पळाला. मागच्या दाराला पिंपं रचून ठेवली होती.

"दार होतं वो बाई," मामा म्हणाले, "पन वाट नव्हती."

त्यानंतर मी हसले नाही.

आमच्याकडे पाहण्यासारखी वस्तू एकच, हजारो वर्षांपूर्वीचं दगडी थडगं. डोंगराच्या उतारावर सापडलं, दगडांना नंबर घालून ट्रकने आणलं आणि दालनात जसंच्या तसं उभं केलं, असं पाटीवर लिहिलंय. आत दिसावं म्हणून एका बाजूला काच लावली आहे. एका शिळेला ताटलीएवढं गोल भोक आहे. डोंगरावर ते मावळतीकडे उघडं होतं. दालनात ही शिळा लोकांच्या समोर यायची होती, पण दगड मांडायचा नकाशा मी काढला होता, त्यात पुढची शिळा मागे पडली आणि ती नेमकी भिंतीसमोर आली. मध्ये वीतभर फट.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या आलं, कारण डोंगरावर खणायला तेच होते.

"बाई, भोक भिंतीकडं कसं? म्हातारा निघंल कुठनं?"

"अहो मामा, आत कोणीच नाही. हाडंसुद्धा सापडली नव्हती."

"तवा वाट होती म्हनून गेला असंल. आता परत आणून कोंडला ना आपन!"

चूक माझी, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दगड सिमेंटमध्ये बसले होते, साहेबांनी फीत कापली होती आणि माझी नोकरी कच्ची होती. मी ठोकून दिलं, "वर कागद पाठवलाय."

कसला कागद आणि कसलं काय! दर दोन-तीन महिन्यांनी मामा विचारायचे, "कागदाचं काय झालं?" मी म्हणायची, "उत्तर नाही आलं." सात वर्षं मी त्या माणसाशी खोटं बोलले. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

दालनाला खिडकी नाही. धूळ नको म्हणून सगळ्या बुजवल्या. दुपारनंतर माझाच जीव घुसमटायचा. मामा स्टूल उंबऱ्यात टाकून एक पाय बाहेर ठेवून बसायचे. साहेब ओरडले की तेवढ्यापुरता पाय आत.

"मामा, सोडा की ही नोकरी," मी म्हटलं.

"म्हाताऱ्याला एकल्याला टाकून कुठं जाऊ?"

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते भिंतीच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालायचे. विचारलं तर म्हणायचे, "जाळी काढतो." रोज इतकी जाळी येतात कुठून, असं मी चिडवायची. त्यांच्या बाहीला चुना लागलेला असायचा. मग बाहेर जाऊन, भिंतीमागे स्वतः लावलेल्या कण्हेरीला पाणी घालायचे.

निवृत्तीच्या दिवशी नारळ हातात घेऊन म्हणाले, "बाई, त्या कागदाचा ताप नका घेऊ आता."

मला वाटलं, थकले बिचारे. पावसाळा संपता संपता गावाहून निरोप आला, मामा गेले. मी खूप रडले. त्यातलं अर्धं रडणं त्या न लिहिलेल्या कागदाचं होतं.

गेल्या महिन्यात संग्रहालयाचं रंगकाम काढलं. रंगाऱ्याने मागची कण्हेर छाटली. संध्याकाळी मी दिवे बंद केले आणि दाराकडे वळणार तोच पाय थबकले. काचेच्या आत, थडग्याच्या तळाशी, उन्हाचा एक गोल पडला होता.

मी गुडघ्यांवर बसले. शिळेचं भोक, त्याच्या बरोबर मागे भिंतीला तेवढंच भोक. उंदीर येऊ नये म्हणून बारीक जाळीसुद्धा लावलेली. पलीकडे रंगाऱ्याचे पाय दिसत होते.

"बाई," तो बाहेरून ओरडला, "भिंतीला भोक हाय हिकडं! सिमेंट भरू?"

"हात लावशील तर याद राख!" मी अशी किंचाळले की त्याची बादलीच कलंडली.

मग मामांचं स्टूल उंबऱ्यात ओढलं, एक पाय बाहेर ठेवून बसले आणि मांडीवर कागद घेतला. पहिलं वाक्य लिहिलं, 'नकाशातली चूक माझी आहे.'