नावंला हंडाभर पाणी

आमचं ह्ये नेव्हीतनं रिटायर झालं, तवा घरी काय आणलं? तर जुनी शिडाची नाव. लिलावातली. ट्रकातनं वडूजला उतरली तवा अख्खी आळी बघाय जमली. हितं प्यायला पाणी न्हाई आन धोंडिराम नाव घिऊन आला, म्हणून लोकं हसली. मी हसले न्हाई, मी भांडले.

रोज सकाळी फळ्या घासायच्या, तेल पाजायचं, फटीत कापूस आन राळ ठासायची. तोंडानं गोष्ट एकच: रत्नागिरीच्या पुढं वादळात डोलकाठी मोडली, तवा वल्ह्याला चादर बांधून ह्ये धरून पाचजण जयगडच्या खाडीत शिरले. दर खेपंला लाटा वाईच उंच व्हायच्या. माजे कान किटले हुते.

खरं भांडण पाण्यावरनं. नाव कोरडी पडली की फळ्या आकसत्यात, म्हणून तिच्यात रोज हंडाभर पाणी वतायचं. ब्याण्णव साली टँकर चार दिसांनी यायचा, आन मी डोक्यावरनं आणलेला हंडा ह्यो बाबा लाकडाला पाजणार! जीव जळायचा माजा.

त्याच उन्हाळ्यात त्येंना कमी दिसाय लागलं. सांगलीला विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत न्हाई, उरलेलीबी कवा जाईल सांगता येत न्हाई म्हणले. तवा ह्ये मला म्हणले, "बायडे, डोळं हायत तवर एकदा शिडात वारं भरलेलं बघायचंय." मग औषधासाठी तिथंच लेकाकडं, महेंद्रकडं ऱ्हायले. पाणी चुकवू नको, एवढं बजावून गेले.

मी रोज चुकवलं. दारात दोन शेळ्या हुत्या, त्यांना पाजलं.

परतीच्या पावसानं गावाभायेरचं तळं भरलं आन ह्ये तसेच निघून आले. बैलगाडीतनं नाव तळ्यावर नेली, ढकलली, तर सगळ्या फटींतनं पाणी आत. ह्येंनी फळीवरनं बोट फिरवलं, तर बोट फटीत शिरलं. माज्यानं ऱ्हावलं न्हाई, शेळ्यांचं सांगून टाकलं. म्हणले, बरं केलंस, शेळीला तहान सोसत न्हाई.

फळ्या फुगाव्यात म्हणून नाव काठालाच बुडवून ठेवली. तीन आठवडं लागलं. ह्ये रोज काठावर बसून पलीकडची बाभळ दिसतीय का बघायचे. नंतर नंतर बाभळीचं नावच काढंनात. रोज हंडा वतला असता तर पहिल्याच दिवशी शीड दिसलं असतं की त्येंना.

शेवटी वारं सुटलं. मी फुडं बसले, तोच हंडा घिऊन, पाणी उपसाय. शीड फुगलं. त्येंनी तोंड वर केलं, पण बघत हुते भलतीकडंच. मी त्येंचा हात धरून शिडावर ठेवला. त्येंनी तो तिथंच ठेवला, दुसऱ्या हातानं सुकाणू धरलं, आन गालाला लागणाऱ्या वाऱ्यावर नाव अशी चालवली की मी पाणी उपसायचं इसरले. वल्ह्याची, चादरीची गोष्ट खरी हुती तर.

"बायडे, काठ किती लांब हाय?"

काठ हाताच्या अंतरावर आला हुता, चिखल दिसत हुता.

"लय लांब हाय," मी म्हणलं. "चालू द्या."