ठिपक्याचा कप

शुक्रवार पेठेत मी खोली घेऊन राहायचे तेव्हा मालकीणबाई काकूंच्या स्वयंपाकघरात माझा कप वेगळा होता. घरातल्या कपांत मिसळू नये म्हणून काकूंनी त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. कारण माझे डोळे पिवळे.

दिवसभर मी वस्त्यांमधून आरोग्याची पत्रकं वाटायचे. 'कावीळ हा रोग नाही, लक्षण आहे' हे वाक्य मीच लिहिलेलं. लोक पत्रक घ्यायचे, माझ्या डोळ्यांकडे बघायचे आणि मागं सरकायचे. संध्याकाळी परतले की चहा उंबऱ्यावर ठेवलेला. आत टीव्हीसमोर सगळं घर. मी जिन्यावर बसून प्यायचे.

गावी, सांगोल्यात, वडिलांचं ताटही असंच वेगळं असायचं. कावीळ उतरावी म्हणून त्यांना उसाचा रस पाजला, गळ्यात काड्यांची माळ घातली. जन्मभर कावीळ कशी राहील, असं मात्र कुणी विचारलं नाही. ते गेले, तरी रक्त कुणी तपासलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

माझं तपासलं. तांबड्या पेशी चपट्या हव्यात; माझ्या गोल, ठिसूळ. पोटातली प्लीहा त्यांना लवकर मोडते, त्यातून पिवळेपणा येतो, पित्ताशयात खडे होतात. वडिलांकडून आलेलं दुखणं, उष्ट्यानं कुणाला लागत नाही. हे सगळं मी काकूंना ओट्याशी उभं राहून समजावलं. भाकरी थापता थापता त्यांनी ऐकून घेतलं.

"व्हय, कळलं की," त्या म्हणाल्या. "पर कप तुजा तूच घासत जा."

पुढं पोटात सारख्या कळा यायला लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी प्लीहा आणि पित्ताशय दोन्ही काढली. दवाखान्यात काकू रोज मऊ भात घेऊन यायच्या. डबा खाटेच्या पायथ्याशी ठेवायच्या, दारातून चौकशी करायच्या. वाईट बाई नव्हत्याच त्या.

खोलीवर परतले तोवर डोळे पांढरे झाले होते. काकूंनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शिवल्या मला.

"बघ, उतरली का न्हाय कावीळ? नवस बोलले होते मी. ये, आत बस."

त्यांनी घरातल्या फुलाफुलांच्या कपात चहा ओतला. पेशी अजून गोलच आहेत काकू, रक्त तेच आहे, असं मी परत सांगायला लागले. त्या टीव्हीचा आवाज वाढवत होत्या.

मी फळीवरून ठिपक्याचा कप काढला, चहा त्यात ओतून घेतला आणि जिन्यावर जाऊन बसले.