देवरावला ऐकवलेली शिटी

देवराव गेला तेव्हा सगळ्यांनी त्याच्या गोड स्वभावाबद्दल सांगितलं. खोटं कशाला बोलू, माणूस खत्रूड होता. पण माजरीकडच्या आमच्या खाणीत डंपरच्या इंजिनाला डिझेल सोडणारा पंप त्याच्यासारखा लावणारा मिस्त्री मी पुन्हा पाहिला नाही. मी हरिदास, तिथला डंपर ड्रायव्हर. त्याचं माझ्याशिवाय कुणाशी फारसं पटत नव्हतं.

ऐंशी सालानंतर आमच्याकडे टर्बोवाले डंपर आले. बाकीचे मिस्त्री डंपर शेडसमोर उभा करत, रेस देऊन इंजिन ओरडवत आणि पंपाचा स्क्रू फिरवून मोकळे होत. देवरावचं डोकं सणकायचं.

"उभ्या गाडीले लोड कुठी असते गा?" तो म्हणायचा. "भरला डंपर उताराले लागला तं इंजिन आरामच करते. चढावर त्याले दम लागते, तवा पाहा."

इंजिनावर लोड आला की बाहेर पडणाऱ्या धुराचा जोर वाढतो, त्या जोरावर टर्बो फिरतो आणि आत जास्त हवा कोंबतो. जेवढी हवा, तेवढंच डिझेल, हे त्याचं गणित. म्हणून तो माझ्या शेजारी केबिनमध्ये बसून भरल्या डंपरसोबत खदानीतून वर यायचा. चढाव लागला की टर्बोची बारीक शिटी सुरू व्हायची. ती किती चढते, कुठे अडकते, यावरून तो लोड ओळखायचा आणि वर पोचल्यावर पंप लावायचा. ती शिटी ऐकताना त्याचा चेहरा इतका मऊ व्हायचा, की हाच का तो भांडखोर, असं वाटायचं.

एका उन्हाळ्यात त्यानेच लावलेला माझा डंपर चढावर काळा धूर ओकू लागला. डिझेल जास्त झालं होतं. मी देवरावला शेजारी बसवून पुन्हा भरल्या डंपरने चढावर निघालो.

"टर्बो फिरूनच नाई राह्यला," तो म्हणाला. "म्हणून तं डिझेल वाढवलो, धुराचा जोर वाढला का फिरते तो. अजून वाढवा लागते."

शिटी तर खणखणीत वाजत होती. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मले ऐकू येत नाई, हरिदास. कोणाले सांगू नको. टायरच्या गोदामात टाकतील मले."

तेव्हा उलगडा झाला. घरी त्याची बायको ठमाबाई, हाक मारली तरी ओ देत नाही म्हणून अबोला धरून बसली होती. बिचारीचा अबोलाही त्याला कळला नसावा.

मग मीच युक्ती काढली. शिटी सुरू झाली की माझा एक हात त्याच्या गुडघ्यावर. शिटी चढली की दाबायचा, पडली की सैल सोडायचा. पंप पुन्हा बिनचूक लागू लागले. शेडमध्ये कुणी त्याची तारीफ केली की मीच फुगायचो. अर्धी कमाई माझ्या कानांची होती ना.

पुढे नवे साहेब आले. त्यांनी टर्बोच्या पाइपला नळी जोडून केबिनमध्ये हवेच्या दाबाचा मीटर बसवला. लोड वाढला की सुई वर, कमी झाला की खाली. मला वाटलं, देवराव भांडणार. तो मात्र हरखून गेला आणि त्याच दिवशी त्याने साहेबांना कानांचं खरं सांगून टाकलं.

साहेबांनी मीटरकडे बोट दाखवलं. सुई दिसते ना, एवढंच खुणेने विचारलं आणि त्याला कामावर जायला सांगितलं.

मला आनंद झाला. वाईटही वाटलं, तेही सांगतो. पुढच्या चढावर मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून गाडी चालवत होतो. सुई वर सरकत होती, देवराव तिच्याकडे बघत होता. अर्ध्या चढावर त्याने माझा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला.

मी मानेनेच मीटर दाखवला.

"लोड दिसला मले," तो म्हणाला. "शिटी ऐकू दे."

त्याने डोळे मिटले, आणि वर पोचेपर्यंत मी त्याला शिटी ऐकवत राहिलो.