न बसण्याचा पगार

पगाराचा आकडा आपण आधी काढायचा नाही, समोरच्याला काढू द्यायचा, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. पण माझं तोंड कुणाचं ऐकतं! अमरावतीच्या एका मेडिकलमध्ये दीड वर्ष आठ हजारांवर उभी राहून माझे पाय कामातून गेले होते. अकोल्याला पातूर रोडवरच्या मेडिकलला फार्मासिस्ट पाहिजे असं कळलं, तेव्हा एसटीतच ठरवलं, पंधराच्या खाली यायचं नाही.

मालक पन्नाशीचे, आवाज अगदी मऊ. फाईल चाळून त्यांनी विचारलं, "किती पाह्यजे, ताई?"

"पंधरा," मी म्हटलं आणि भांडायला कंबर कसून बसले.

"देऊ."

एवढंच. घासाघीस नाही, 'तुमाले अनुभव कमी हाय' नाही. आधीच्या मालकाने पाचशे वाढवताना माझा जीव नकोसा केला होता. आनंद व्हायचा सोडून मला शंकाच आली.

"सकाळी किती वाजता यायचं, सर?"

"रोज याचं काहून?" ते हसले. "तुमी अमरावतीलेच राहा. ओरिजिनल सर्टिफिकेट इथं ठेवा अन् महिन्यातून एकदा रजिस्टरवर सह्या करून जा. रोज नाई आल्या तं वीस देतो."

नोंदणी असलेला फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकानात औषध विकता येत नाही, त्याचं सर्टिफिकेटही भिंतीवर लावावं लागतं. नाव असं भाड्याने देणारे माझ्या कॉलेजातही होते, आणि त्यांना मी तोंडावर झापलं होतं. पण ते चार-पाच हजारांत देत. हे वीस म्हणत होते. बसले तर पंधरा, न बसले तर वीस! उद्या काही झालं तर नोंदणी माझी जाणार होती, मालकाचं काय जातं?

काउंटरवर गिऱ्हाइकं येत होती. औषधाचं नाव नाही, चिठ्ठी नाही. नोट ठेवायची, पुडी उचलायची आणि मागे न बघता निघायचं. भिंतीवर एका फ्रेमपुरता रंग अजून ताजा दिसत होता.

"आधीचे फार्मासिस्ट कुठे गेले?"

"कोर्टात. पेशी हाय आज त्याची," ते सहज म्हणाले. "घाबरू नका, होते असं. वकील आमीच लावून देला त्याले."

तेव्हाच उठायला पाहिजे होतं. मला सगळं कळत होतं, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण वीस हजार, तेही घरी बसून! लाज सोडून सांगते, त्या भीतीतही मी मनात खर्च मांडायला लागले होते.

"पहिल्या महिन्याचे आज मिळतील?" मी विचारलं.

"मिळतील ना."

मी फाईलमधून ओरिजिनल काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलंसुद्धा नाही, थेट ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुलूप लावलं.

स्टँडवरून आईला फोन केला. "वीस ठरले."

"अव माय! वीस? अन् काम काय करा लागते वं?"

"काईच नाई. घरीच राहाचं."



"मंग देऊन काहून राहिला तो?"

'बस आली' असं सांगून मी फोन ठेवला. बस आली नव्हती.