अंतराळात थांबलेला रोबो

“आधी समजून घेऊ, मग घाबरू,” असं म्हणत मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या. त्यामुळे त्यांना स्वतःला समोरचं नीट दिसायचं नाही, पण आम्हाला उगाच धीर यायचा.

वाघोलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवायच्या, मी गणित. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची. एका वर्षी आमच्या काही मुलांनी एका स्पर्धेत भाग घेतला. मुलांनी इथे बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि तो अंतराळ स्थानकातल्या छोट्या उडत्या रोबोवर चालवला जायचा. रोबोने स्थानकात तरंगत फिरून भिंतींवर लावलेली चित्रं शोधायची. मॅडम मार्गदर्शक होत्या. त्यांच्या जोडीला मला का दिलं, ते मला अजून उमगलेलं नाही.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, रोबो खाली कधी येतो? तिथे खाली असं काही नसतंच, म्हणाल्या. मग ते पटवायला त्यांनी आपला जेवणाचा डबा स्टाफरूमभर उडवला, आडवा केला, उलटा केला. आतली आमटी माझ्या शर्टावर आली. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, “हा फरक लक्षात ठेवा, सर.”

टीमची प्रमुख होती प्रणाली. हुशार आणि हट्टी. आपण नक्की कुठे आहोत याची खात्री नसेल तर रोबोने जागीच थांबायचं, अशी एक सूचना मॅडमनी तिला प्रोग्रॅममध्ये घालायला लावली. प्रणालीला ते मुळीच पटलं नाही. थांबलं की वेळ जातो, वेळ गेला की गुण जातात. बाकीच्यांचे रोबो अंदाजाने पुढे जातील, आपल्याच रोबोने का थांबायचं?

“तिथे माणसं राहतात, प्रणाली,” मॅडम म्हणाल्या. “वाट चुकल्यावर अंदाजाने धावणारं यंत्र मी माणसांमध्ये सोडणार नाही.”

प्रणालीने सूचना घातली, पण नंतर बरेच दिवस ती मॅडमशी कामापुरतंच बोलत होती.

अंतिम फेरी आम्ही कॉलेजच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर पाहिली. प्राचार्य पुष्पगुच्छ मागवून बसले होते. रोबो निघाला, पहिलं चित्र त्याला सापडलं, टाळ्या पडल्या. मग तो वळला आणि थांबला. आम्हाला वाटलं, विचार करतोय. वेळ संपेपर्यंत तो हललाच नाही. शेवटी एक अंतराळवीर आला, झोपलेलं मूल उचलावं तसं त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि घेऊन गेला.

प्राचार्य म्हणाले, “थांबायचंच होतं, तर वाघोलीच्या चौकातलं ट्रॅफिक काय वाईट होतं?”

प्रणाली रडत होती. मॅडम उठून उभ्या राहिल्या. “थांबायची सूचना माझी होती. मुलांनी फक्त माझं ऐकलं.”

आयोजकांनी नंतर कळवलं की रोबोला आपली जागा ओळखता येईनाशी झाली होती. कशामुळे, ते त्यांनाही सापडलं नव्हतं. सूचना नसती तर आमची मुलं जिंकली असती, की रोबो भिंतीवर आदळला असता? तुम्हीच सांगा. प्रणाली सकाळी मॅडमवर चिडलेली असायची आणि दुपारी त्यांची बाजू घेऊन आमच्याशी भांडायची. माझंही तसंच व्हायचं, फक्त मी भांडत नसे.

पुढच्या वर्षी मॅडमना नेमणूक मिळाली नाही. तास कमी झालेत, असं सांगण्यात आलं. ते खरंही असेल. मी मॅडमना विचारलं, त्या स्पर्धेमुळे झालं का हो हे? त्या म्हणाल्या, “चिडायचं कुणावर, तेच कळत नाहीये, सर. म्हणून चिडायचंच राहून गेलं.”

शेवटच्या दिवशी प्रणाली आणि मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. हडपसरची बस आली, मॅडम चढल्या. प्रणाली माझ्या शेजारीच उभी होती. तिचं घर कर्वेनगरला, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाला. बस हलायच्या बेतात असताना ती एकदम धावली आणि आत चढली.

मॅडम त्यानंतर मला भेटल्या नाहीत. त्या दिवशी बसमध्ये काय बोलणं झालं, ते प्रणालीने सांगितलं नाही. मला मागच्या काचेतून दिसलं ते एवढंच, की ती हातवारे करत भराभरा काही सांगत होती आणि मॅडम तिच्याकडे पूर्ण वळून ऐकत होत्या.