करमुक्त मामा

आयकर भरून आल्यावर पेढे वाटणारा माणूस अख्ख्या भारतात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात उभी हयात घालवून मामा निवृत्त झाले आणि बनशंकरीतल्या घरी बसले; पण त्यांच्या मते सारं बेंगळुरू त्यांच्याच पैशांवर चाललं होतं. रस्त्यावरचा दिवा लागला की "लागला बघा आपला दिवा" म्हणायचे. एकदा माझी स्कूटर खड्ड्यात आदळली आणि मी महापालिकेचा उद्धार करू लागलो, तर मागच्या सीटवरून आवाज आला, "स्वल्प हळू, जावईबापू. खड्डाही आपलाच आहे." एका लग्नात तर त्यांनी भर पंगतीत नवरदेवाला विचारलं, "रिटर्न वेळेवर भरता ना?" मुलीच्या बापाला ठसका लागला.

मग एका अर्थसंकल्पात सरकारने आयकर कमी केला. आम्ही सॉफ्टवेअरवाले आनंदाने वेडे झालो. मी तर लगेच मोठा टीव्ही बघून आलो. मामांनी मात्र घरी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष तेच. मला विचारलं, "तुमचे किती सुटले?" मी ऐटीत सांगितलं. मग भांडी घासायला येणाऱ्या रत्नाक्कांना तोच प्रश्न. त्या म्हणाल्या, "मी आयकर भरला कधी, अण्णा?" मामा माझ्याकडे वळले. "बघा. हिला काही नाही, तुम्हाला टीव्ही, आणि तुमच्या साहेबाला त्याहून मोठा टीव्ही. आता ही तूट सरकार कुठून भरून काढणार? एकतर हिच्या पोराच्या शाळेचा खर्च कापणार, नाहीतर हिच्या साबणावर कर वाढवणार. सरी? बरोबर ना?" टीव्ही मी घेतलाच. पण त्यावर साबणाची जाहिरात लागली की अजून चॅनेल बदलतो.

खरा घाव पुढेच बसला. मी मामांना त्यांच्या सीएकडे घेऊन गेलो, तर तो हसत म्हणाला, "काका, अभिनंदन! यंदा तुमचा कर शून्य." मामांचा चेहरा पडला. "जुन्या पद्धतीने काढा. त्यात बसतो ना थोडा?" सीएला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अहो, लोक मला याच्या उलट करायचे पैसे देतात!" मामा ऐकेनात, तेव्हा त्याने घाबरून मामींनाच फोन लावला. मामींचा आवाज टेबलापलीकडे मलाही ऐकू आला. "सरकारला द्यायची एवढी हौस? मी गुडघ्याचं मलम मागितलं की हिशेब विचारता!" यापुढे मामांचं काय चालणार? शून्यावर सही करून ते उठले.

जिना उतरताना ते मध्येच थांबले. "कारखाना सुटला, पोरं परदेशी गेली. आपल्याकडून कुणाला काहीतरी हवंय, असं वर्षातून एकदा तरी वाटायचं हो." मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी दर रविवारी राजाजीनगरहून सगळी ट्रॅफिक तुडवत बनशंकरीला जातो आणि मामांकडे काहीतरी मागतो. कधी पाना, कधी पकड, कधी शिडी. घरी हे सगळं आहे, असं बायको दर वेळी सांगते. मामा आधी कुरकुरतात, मग वस्तू पुसून, कशी धरायची ते दाखवून हातात देतात. ती परत करायला गेलो की मी दुसरं काहीतरी मागून आणतो.