सर्ज्याची घुंगरमाळ

रिसोडच्या बाजारात शिंगांना लावायच्या रंगाचा वास आला, की माझं डोकं फिरतं.

मेडशीत पोळ्याच्या दुपारी तीन पत्ती खेळायची रीतच होती. त्या वर्षी माझ्या हातात एक्क्यासकट तिन्ही पानं बदामाची आली. समोर गणपतकाका. एरवी चटकन पत्ते टाकणारा हा माणूस चाल वाढवतच होता.

"टाकून दे लेका," मोठा भाऊ म्हणाला, "काका खोटी चाल कधीच खेळत नाई."

मलाही ते कळत होतं. पण तसली पानं हातातून सुटेनात. मी आमच्या सर्ज्या बैलाची घुंगरमाळ डावावर लावली.

काकांनी तीन दुऱ्या मांडल्या आणि माळ उचलली.

आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्या संध्याकाळी पोळ्याच्या तोरणाखाली सर्ज्या चार पावलं चालून थांबायचा, मान झटकायचा आणि आवाजासाठी कान टवकारायचा.